मागं डावीकडं बसलीय

माझं काम तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या तपासण्याचं. बीडमध्ये एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं हेच करतो आहे. बातमीत ‘अज्ञात शक्ती’, ‘चमत्कारिक प्रकार’ असे शब्द आले की मी ते कापतो आणि वार्ताहराला फोन करून विचारतो — कोणी पाहिलं, कुठे पाहिलं, उजेड होता का? नव्वद टक्के वेळा पलीकडून उत्तर येतं, ‘लोक म्हणतात, सर.’ मग बातमी जात नाही. त्यामुळे इथे लिहायला बसताना माझं मलाच अवघडल्यासारखं वाटतं आहे. पण यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलं आहे, दिवसाउजेडी पाहिलं आहे. जे दुसऱ्याने सांगितलं, तिथे तसं म्हटलं आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, आष्टीच्या अलीकडच्या एका गावात राहायची. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. माझी किडनी जुळली नाही, दाजींना साखर, आई-वडील नाहीत. म्हणजे डायलिसिस हाच एक रस्ता, आणि तो मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नगरला जायचा. वेळेला बेडवर पोचलं नाही तर तो दुसऱ्याला देतात, त्यांचाही इलाज नसतो. एसटीचा भरवसा नव्हता. वडाप जीप भरल्याशिवाय हलायची नाही. त्या पावसाळ्यात एकदा जीप रस्त्यातच बंद पडली, डायलिसिस चुकलं आणि पुढच्या रात्री अक्काला श्वास घेता येईना. त्यानंतर दाजींनी मला फोन केला. “बापू, कसली बी बघ. पण आपली गाडी पायजे.”

नांदूरघाटच्या एका निवृत्त ग्रामसेवकाची पांढरी छोटी गाडी विकायची आहे, असं ओळखीतून कळलं. गावात त्यांना आण्णा म्हणतात. फोन लावला. आण्णांनी फार बोलणं केलं नाही.

“गाडी चांगली हाय. इंजनाला बोट लावायचं काम न्हाई. फकस्त मागं डावीकडं बसलीय. ते पटत आसंल तर या.”

ऐकलेलं वाक्य शब्दशः लक्षात ठेवायची मला कामाची सवय आहे. ते मी तसंच गौतमला सांगितलं. गौतम माझा शाळेतला मित्र, बीडमध्ये त्याचं गॅरेज आहे.

“स्प्रिंग,” तो म्हणाला. “बसली आसंल एका बाजूनं. बदलून टाकू. एवढ्यासाठी माणूस आधीच सांगतोय म्हंजे गाडी सोन्यासारखी आसंल बे.”

रविवारी सकाळी आम्ही बसने निघालो. पाली, मांजरसुंबा, पुढे नांदूरघाट. आण्णांच्या दारासमोर पत्र्याखाली गाडी उभी होती. गौतमने नमस्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. विकणारे बऱ्याचदा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट कसा होतो ते कळत नाही. बॉनेट थंड होतं.

“चोर न्हाई,” तो माझ्या कानात म्हणाला.

मग त्याने पुढचा तासभर गाडीला सोडलं नाही. ऑईलची काडी काढून बोटावर ऑईल चोळून पाहिलं. दारांचे रबर ओढून आतली वेल्डिंग बघितली, कारण अपघातात ठोकलेली गाडी तिथे सापडते. स्टार्ट केली, मागे जाऊन सायलेन्सरपुढे तळहात धरला. मी वहीत काही लिहायला लागलो तर म्हणाला, “बे, तुला बातमी लिहायची का गाडी घ्यायची? टायर बघ जा.”

मी टायर बघितले. मागचा डावा जास्त झिजला होता.

शेवटी गौतम मागच्या चाकांशी उकिडवा बसला. टायर आणि वरची कमान यांच्या मधल्या जागेत त्याने बोटं आडवी घातली. त्याचं माप हेच. उजवीकडे चार बोटं सरळ गेली. डावीकडे तीनसुद्धा कशीबशी.

“बसलीय,” तो म्हणाला.

“हां. मी सांगितलं की,” आण्णा म्हणाले.

“कवापासून?”

“मी घेतली तवापासून. माझ्या आधीच्यानं बी मला सांगूनच दिलती.”

“तुमी काय केलं न्हाई मग?”

आण्णा जरा हसले. “काय करणार? तरास न्हाई काही.”

हा संवाद माझ्यासमोर झाला. त्यात लपवाछपवी नव्हती, हे मी आज खात्रीने सांगू शकतो. दोघे एकाच वाक्याबद्दल बोलत होते आणि दोघांचा अर्थ वेगळा होता.

व्यवहार जमला. निघताना आण्णा चालकाच्या बाजूला आले नाहीत. ते डाव्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बरं, या मग.” ते आम्हा दोघांनाच म्हणाले असं मी तेव्हा धरलं. गौतमच्या शेजारच्या सीटवर बॅटरीचा जुना खोका आणि त्याची हत्यारं होती, म्हणून मी मागे बसलो. डावीकडे. बीडपर्यंत त्याच सीटवर बसून आलो. मला काहीही जाणवलं नाही — ना गारवा, ना वास, ना भास. हेही नोंदवणं गरजेचं आहे.

पालीच्या धरणाजवळ चहाला थांबलो तेव्हा गौतमने पुन्हा बोटं घातली. “चालली काय चांगली राव,” तो म्हणाला. “स्प्रिंग टाकली की नवरी हाय नुसती.”

स्प्रिंग टाकली. एक नाही, दोन्ही बाजूंच्या नव्या. गाडी जॅकवरून खाली उतरवली, हलवली, फरशीवर पुढे-मागे घेतली. उजवीकडे चार बोटं, डावीकडे तीन कशीबशी.

गौतमने गाडी उलट्या तोंडाने उभी केली — जमिनीला उतार असेल म्हणून. तसंच. चाकं इकडची तिकडे केली. तसंच. शॉकॲब्सॉर्बर नवे घातले, चेसिसला दोरी लावून माप घेतलं. चेसिस सरळ. मागचं सीट उपसून बाहेर काढलं. खाली एक शेंगदाण्याचं टरफल आणि रबरबँड सापडला. सीट नसतानाही गाडी डावीकडे झुकलेलीच होती. हे सगळं रविवार-सोमवार असे दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी थट्टा करायचा थांबला.

“काट्यावर नेऊ का?” त्याने विचारलं. म्हणजे वजनकाट्यावर. “रिकाम्या गाडीचं वजन कळंल.”

“आणि जास्त भरलं तर?”

तो हात पुसत राहिला. आम्ही गाडी काट्यावर नेली नाही. हातात आकडा असता तर आज हा मजकूर भक्कम झाला असता. तेव्हा मला तो आकडा नको होता.

मी आण्णांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, गौतमनेही ऐकलं.

“आण्णा, स्प्रिंग बदलली. दोन्ही बदलल्या. तरी गाडी डावीकडं बसलेलीच आहे.”

“स्प्रिंगचं मी कुठं म्हणलतो?”

“तुम्ही म्हणालात, मागं डावीकडं बसलीय.”

“हां. बसलीय.”

“काय बसलंय?”

“काय न्हाई हो… कोण. बसलीय ती. मागं, डावीकडं.” आण्णांचा आवाज अगदी साधा होता. “मी तुमाला फोनवरच सांगितलं, पटत आसंल तर या. तुमी आलात. मला वाटलं, समजदार माणसं हायेत.”

गौतमने पाना खाली ठेवला.

“कोण आहे?” मी विचारलं.

“ते आमाला तरी कुठं म्हाईत. माझ्या आधीच्याला बी म्हाईत नव्हतं. दिसत न्हाई, बोलत न्हाई. बसती फकस्त. तुमाला नको आसंल तर गाडी परत आना, मी ठिवून घेतो. माझी ना न्हाई.”

फोन बंद झाल्यावर गौतम म्हणाला, “हे बघ, माझा आजा दीक्षा घेतलेला. आमच्या घरात भूत-बित चालत न्हाई. मी असलं काही मानत न्हाई.”

“मी पण मानत नाही.”

“मग?”

मग काही नाही. तो सोमवार होता. मंगळवारी अक्काला नगरला जायचं होतं.

संध्याकाळी गाडी अक्काच्या गावी नेली आणि दाजींना मी सगळं खरं सांगितलं. ते शेतकी खात्यात शिपाई होते. घाबरट माणूस नाही, पण देवाधर्माचा. बराच वेळ त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “परत दिली तर उद्या काय?” लगेच त्यांनीच ठरवलं. “मंग ऱ्हाऊ दे. अक्काला सांगू नको.”

घरात दुसरा निर्णय शक्यच नव्हता. गाडीत कोणी आहे की नाही यापेक्षा सकाळी गाडी आहे, हे मोठं होतं.

मंगळवारी पहाटे अक्का अंगणात आली. हाताला डायलिसिसच्या सुईसाठी केलेल्या फिस्टुलाचा फुगवटा, त्यावर साडीचा पदर. तिने डावीकडचं मागचं दार उघडलं. क्षणभर उभी राहिली. दार हळूच लावलं, गाडीला वळसा घालून उजवीकडून आत बसली.

“कावून गं?” दाजींनी विचारलं.

“तिकडून ऊन येतं.”

सूर्य अजून उगवायचा होता. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे.

पुढचे काही महिने गाडीने एकदाही दगा दिला नाही. एकही डायलिसिस चुकलं नाही. दाजींना सवयच लागली — निघायच्या आधी काचा पुसायच्या आणि मागे उकिडवं बसून दोन्हीकडे बोटं घालून पाहायचं. रस्त्यात मी दोन-तीनदा सोबत गेलो. मी पुढे बसायचो. मागे अक्का एका कडेला, मधे तिची पिशवी, आणि पलीकडची सीट मोकळी. पिशवी ती कधी त्या सीटवर ठेवायची नाही.

असंच एकदा नगरच्या दवाखान्यात, मशीन चालू असताना, मी तिला विचारलं. न राहवून.

“अक्का, तू त्या बाजूला का बसत नाहीस?”

ती छताकडे बघत होती. “एसटीत कोणी बसलेलं आसलं तर आपण त्याच्या मांडीवर बसतो का?”

“म्हणजे तुला… दिसतं?”

“दिसत न्हाई. पण हाय ते कळतं की. वळणावर गाडी वळली की आपल्या अंगावर शेजारचं माणूस येतं का न्हाई, तसं. बाईमाणूस हाय. थकलेलं.” मग माझ्याकडे मान वळवली. “तुझ्या दाजींनी सांगितलंच मला शेवटी. तू नांदूरघाटहून बीडपतुर तिथंच बसून आलतास. बिचारीच्या मांडीवर!”

नर्सने वळून पाहिलं इतक्या जोरात ती हसली. त्या वर्षात तिला तसं हसताना मी एकदाच पाहिलं.

“भीती नाही वाटत?”

“कशाची? येताना मला मळमळतं, उलटी होती. दाजी काच खाली करतेत, नाक दाबतेत. ती काय करत न्हाई. निसती बसती.” थोडं थांबून म्हणाली, “मी बोलते तिच्याशी. घरच्यांपाशी बोलता येत न्हाई ते. तुमचं तोंड लगेच पडतं.”

काय बोलते, हे मी विचारलं नाही. मुलाखतीत पुढचा प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. तिथे जमलं नाही.

पुढचा प्रसंग दाजींनी सांगितला आहे. मी तिथे नव्हतो.

एका शनिवारी परतताना, कडा गाव मागे टाकल्यावर, अक्का म्हणाली, “थांबवा जरा.” दाजींना वाटलं, उलटी. त्यांनी गाडी कडेला घेतली. वस्ती नाही, फाटा नाही, दोन्हीकडे तुरीची रानं. दुपारची वेळ. अक्का उतरली नाही. तिने हात लांब करून पलीकडचं, डावीकडचं दार आतून उघडलं. उघडं धरून ठेवलं. मग ओढून लावलं आणि म्हणाली, “चला.”

दाजींनी विचारलं, “काय झालं?”

“उतरली.”

“इथं? इथं तर काहीच न्हाई.”

“तिला ठावं.”

घरी आल्यावर दाजींनी बोटं घातली. उजवीकडे चार. डावीकडे चार. त्यांनी त्याच पावली मारुतीला नारळ फोडला आणि मला फोन केला. आवाजात आनंद होता. “बापू, सुटलो रे. गाडी सरळ झाली.”

मी दुसऱ्या दिवशी गौतमला घेऊन गेलो. त्यानेही माप घेतलं, उठून गाडीच्या मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी एकदा खाली गेली, वर आली, थांबली. “नव्या स्प्रिंगला जागेवर यायला वेळ लागतो कधीकधी,” तो म्हणाला. इतके महिने लागतात का, असं मी विचारलं. “न्हाई लागत,” तो म्हणाला.

अक्का ओट्यावर बसली होती. तिला आनंद झालेला नव्हता. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाली, “आता मी एकटीच जाते बघ.”

“दाजी असतात की.”

“ते गाडी चालवतेत.”

त्यानंतर ती गाडीत फार बोलायची नाही, असं दाजी सांगतात. बसायची मात्र उजवीकडेच. पुढच्याच महिन्यात तिला जंतुसंसर्ग झाला, ताप उतरेना, हृदयावर ताण आला आणि ती दवाखान्यातच वारली. डॉक्टरांनी कारणं समजावून सांगितली. मी ती नीट ऐकली, कागद वाचले. डायलिसिसवरच्या रुग्णाला असं होतं. त्यात गूढ काही नाही. ती बाई — ती होती असं धरलं तर — उतरली म्हणून अक्का गेली, असं म्हणायला माझ्याकडे कसलाही आधार नाही आणि मी तसं म्हणत नाही. शेवटचा प्रवास दवाखान्याच्या रुग्णवाहिकेतून झाला. गाडी घरीच होती.

माझ्याजवळ न सुटणारी गोष्ट एवढीच आहे : एक रिकामी गाडी कित्येक महिने एका बाजूला झुकलेली होती, जाणत्या मेकॅनिकला कारण सापडलं नाही, आणि काहीही दुरुस्त न करता ती एके दुपारी सरळ झाली. ही बातमी माझ्या डेस्कवर आली असती तर मी वार्ताहराला फोन केला असता, आणि त्याने मी आत्ता दिली तीच उत्तरं दिली असती, आणि मी ती छापली नसती.

आण्णांना मी अक्का गेल्याचं कळवलं. मग त्यांनी विचारलं, “आन् ती?” मी म्हणालो, उतरली. “बरं झालं,” ते म्हणाले, आणि लगेच, “आसं म्हणू न्हाई आत्ता. माफ करा.”

तेराव्यानंतर मी सुट्टी काढून तिकडेच राहिलो होतो. मंगळवारी पहाटे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर आलो तोवर दाजी गेलेले. फोन घरीच ठेवलेला. दुपारी परत आले. कुठे गेला होतात विचारलं, तर म्हणाले, “नगरला.”

“कशाला?”

“बेड दुसऱ्याला दिलाय. कोणी म्हातारा हाय, पाथर्डीकडचा.” एवढंच.

गाडी त्यांनी अंगणात उभी केली, बंद केली, आणि ते पलीकडे भिंतीशी जाऊन उभे राहिले. गाडीकडे पाठ करून.

“बापू, मागं बघ बरं जरा.”

मी उकिडवा बसलो. डावीकडे बोटं घातली. चार.

“उजवीकडं बघ,” ते म्हणाले. “उजवीकडं बसायची ती.”

उजवीकडे घातली. टायर तापलेला होता. चार बोटं सरळ आत गेली, वर थोडी जागाही उरली.

“चार आहेत, दाजी.”

“नीट बघ.”

मी हात काढला, परत घातला. सावकाश. बोटं एकमेकांना घट्ट चिकटवून.

“चारच आहेत.”

“तुझी बोटं बारीक हायेत,” दाजी म्हणाले. ते वळले, माझ्याशेजारी खाली बसले, आणि त्यांनी स्वतःचा हात आत घातला. बराच वेळ तो तसाच आत होता.

ते अजून मंगळवारी आणि शनिवारी जातात.